एचआयव्हीसोबत दुसरा संसर्ग असेल तर अहवाल कसे वाचावेत आणि उपचार कसे सांभाळावेत

एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या, गोळ्या घेणाऱ्या व्यक्तीच्या हातात सीडी४ (रोगाशी लढणाऱ्या पेशींची संख्या) घटल्याचा किंवा व्हायरल लोड (एक मिलिलिटर रक्तातील विषाणूंचे प्रमाण) वाढल्याचा कागद पडला की घरात पहिली चर्चा गोळ्यांचीच होते. गोळ्या चुकल्या का, गोळ्या लागू पडेनाशा झाल्या का, असे विचारले जाते. हे प्रश्न रास्त आहेत, पण शरीरात दुसरा एखादा संसर्ग चालू आहे का, हा त्यांच्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न बहुतेक वेळा राहून जातो. क्षयरोग, कावीळ, उपदंश (सिफिलिस), मलेरिया यांपैकी काहीही एचआयव्हीसोबत असले, तर प्रतिकारयंत्रणेचे वागणे बदलते, अहवालातील आकडे बदलतात आणि काही वेळा औषधांची मात्राही बदलावी लागते. नाशिक जिल्ह्यातील एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्ती, त्यांच्या घरची माणसे आणि गावपातळीवर त्यांना साथ देणाऱ्या आशाताई यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले आहे. यात औषधांची नावे आणि मात्रा आल्या आहेत त्या डॉक्टरांशी नेमके बोलता यावे म्हणून. त्यावरून कोणतेही औषध स्वतःहून सुरू किंवा बंद करू नये.

शरीरात काय घडते ते आधी समजून घ्यावे

सीडी४ पेशी या रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी असून रोगजंतू आल्याची वर्दी इतर पेशींना देणे आणि त्यांच्याकडून काम करवून घेणे ही त्यांची जबाबदारी असते. निरोगी प्रौढाच्या एक घनमिलिमीटर रक्तात त्या साधारण ५०० ते १५०० असतात. एचआयव्ही नेमका याच पेशींत शिरतो. मात्र पेशी निवांत असेल, तर विषाणूला तिच्यात फारशी वाढ करता येत नाही. क्षयाचे जंतू शरीरात वाढू लागले की त्यांच्याशी लढण्यासाठी सीडी४ पेशी जाग्या होतात, विभागू लागतात, आणि अशा वेळी जी प्रथिने पेशीची स्वतःची जनुके चालू करतात तीच तिच्यात दडलेल्या एचआयव्हीची जनुकेही चालू करतात. गिरणी बंद असताना रांगेत ठेवलेला डबा तसाच पडून राहतो, पण कोणाच्याही दळणासाठी पट्टा फिरू लागला की त्या डब्याचाही नंबर लागतो, तसा हा प्रकार आहे. शरीर दुसऱ्या रोगाशी जितक्या जोमाने लढते, तितके एचआयव्हीला रान मोकळे मिळते.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट घडते. एचआयव्हीची लागण झाल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच आतड्याच्या अस्तरातील सीडी४ पेशी मोठ्या प्रमाणावर नष्ट होतात, अस्तर कमकुवत होते आणि आतड्यातील जीवाणूंचे अंश रक्तात झिरपू लागतात. त्यामुळे प्रतिकारयंत्रणा आधीच कायम चेतलेली असते. त्यात दुसरा दीर्घकाळ चालणारा संसर्ग आला की लढणाऱ्या पेशी थकतात, त्यांची मारक क्षमता घटते आणि त्यांची जागा घेणाऱ्या नव्या पेशी पुरेशा वेगाने तयार होत नाहीत.

एआरटी नियमित चालू असेल, तर हे चित्र बरेच पालटते. पेशी जाग्या झाल्या आणि त्यांनी विषाणू तयार केले, तरी औषध त्या विषाणूंना नव्या पेशीत बस्तान बसवू देत नाही. म्हणूनच आजारपणात एआरटी थांबवणे ही सर्वांत महागात पडणारी गोष्ट आहे. ताप आला, पोटात अन्न ठरत नाही, म्हणून चार दिवस गोळ्या बाजूला ठेवल्या असे अनेक जण सांगतात. खरे तर त्या चार दिवसांतच गोळ्यांची गरज सर्वाधिक असते. उलटी होत असेल तर गोळी बंद न करता एआरटी सेंटरला, म्हणजे जिथून गोळ्या मिळतात तिथे, फोन करून काय करावे ते विचारावे.

अहवाल वाचताना

सीडी४ ची संख्या एकट्याने फार कमी सांगते. ती सकाळ-संध्याकाळ बदलते, गरोदरपणात घटलेली दिसते आणि कोणत्याही तीव्र आजारात खाली येते. क्षयरोगात तर एचआयव्ही नसलेल्या माणसाच्याही सीडी४ पेशी घटतात आणि उपचारानंतर पुन्हा वाढतात. त्यामुळे अहवालाच्या कागदावर किंवा उपचार पुस्तिकेत रक्त दिल्याची तारीख पाहून तिच्या आगेमागे कोणता ताप, जुलाब, नागीण, गाठ किंवा जखम झाली होती, वजन किती होते आणि कोणते नवे औषध चालू होते, हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवावे. पुढच्या भेटीत डॉक्टरांपुढे ही नोंद ठेवली, तर आकड्याचा अर्थ लावणे त्यांना सोपे जाते.

समजा, सुरगाणा तालुक्यातील एक बाई ऑक्टोबर छाटणीच्या कामासाठी कुटुंबासह दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत येऊन राहिल्या आहेत. गेल्या वेळी त्यांचा सीडी४ ४१० होता, या वेळी २६८ आला. गोळ्या एकही दिवस चुकलेल्या नाहीत. मात्र ब्लाउज सैल झाला आहे, संध्याकाळी अंग कसकसते आणि मानेच्या डाव्या बाजूला न दुखणारी एक गाठ आहे. इथे औषध बदलण्याची चर्चा करण्याआधी त्या गाठीची तपासणी व्हायला हवी. गाठीतील पाणी सुईने काढून क्षयासाठी तपासता येते. गाठ क्षयाची निघाली, तर क्षयाच्या उपचारानंतर सीडी४ पुन्हा वर येण्याची चांगली आशा असते, आणि एआरटी तीच चालू राहू शकते.

एक अपवाद पक्का लक्षात ठेवावा. सीडी४ २०० च्या खाली गेला असेल, तर कारण काहीही असो, ती अवस्था गंभीर मानूनच पुढची पावले उचलायची असतात. या पातळीवर न्यूमोसिस्टिस नावाच्या बुरशीमुळे होणारा न्यूमोनिया, मेंदूतील टॉक्सोप्लाझ्मा आणि क्रिप्टोकॉकल मेंदूज्वर यांचा धोका वाढतो. कोट्रायमोक्साझोलची रोजची गोळी यांपैकी पहिल्या दोन्हींपासून बरेच संरक्षण देते, आणि क्रिप्टोकॉकससाठी रक्ताची साधी चाचणी लक्षणे दिसण्याआधीच धोका सांगू शकते. ती झाली आहे का, हे आवर्जून विचारावे.

व्हायरल लोडच्या बाबतीत उलट दिशेनेही सावध राहावे लागते. एरवी विषाणू सापडत नसताना एखाद्या वेळी ५० ते २०० च्या दरम्यान आकडा आला आणि पुढच्या वेळी पुन्हा विषाणू सापडला नाही, तर त्यामागे तात्पुरता संसर्ग असू शकतो. परंतु आकडा १००० च्या वर असेल, तर तो सर्दी-तापावर ढकलून मोकळे होऊ नये. तिथे गोळ्या चुकणे, दुसऱ्या औषधाने रक्तातील एआरटीची पातळी कमी होणे किंवा विषाणू औषधाला दाद न देणे यांपैकी काहीतरी असण्याची शक्यता मोठी असते. सरकारी कार्यक्रमात अशा वेळी समुपदेशन करून साधारण तीन महिन्यांनी चाचणी पुन्हा केली जाते. तीव्र आजार चालू असताना नमुना द्यायची वेळ आली, तर तसे समुपदेशकांना आधीच सांगावे. अनेकदा बरे झाल्यानंतर सुमारे चार आठवड्यांनी दिलेला नमुना अधिक विश्वासार्ह ठरतो.

क्षयरोग: सर्वांत आधी याचाच विचार करावा

जगभरात एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण क्षयरोग आहे, आणि आपल्याकडे क्षयाचा जंतू इतका पसरलेला आहे की अनेकांच्या शरीरात तो लहानपणापासूनच सुप्तावस्थेत असतो. प्रतिकारयंत्रणा शाबूत असेल, तर अशा दहा माणसांपैकी फार तर एकाला आयुष्यभरात कधीतरी क्षय होतो. एचआयव्ही असून एआरटी चालू नसेल, तर जवळपास तेवढाच धोका दर वर्षी असतो. फुप्फुसात क्षयाच्या जंतूभोवती प्रतिकारपेशी वेढा घालून बसलेल्या असतात आणि तो वेढा टिकवण्याचे काम सीडी४ पेशींचे असते. त्या कमी झाल्या की वेढा ढासळतो आणि जंतू बाहेर पडतो. बाहेर पडलेला जंतू उरलेल्या पेशींना चेतवतो, त्यातून एचआयव्ही वाढतो, पेशी आणखी घटतात. दोन्ही रोग एकमेकांना असा हात देतात.

म्हणून दर भेटीत चार प्रश्न स्वतःहून तपासावेत: खोकला आहे का, ताप येतो का, रात्री घाम येतो का, वजन घटले आहे का. इतरांसाठी दोन आठवड्यांच्या खोकल्याची अट असते. एचआयव्ही असलेल्या व्यक्तीने दोन दिवसांचा खोकलाही सांगावा.

थुंकीचा नमुना देण्याची रीत क्षुल्लक वाटते, पण निम्मे काम तिथेच बिघडते. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी, मोकळ्या हवेत उभे राहावे, दोन-तीन वेळा खोल श्वास घेऊन छातीतून खोकावे आणि आलेला घट्ट बेडका डबीत टाकावा. तोंडातील लाळ चालत नाही. तो नमुना सीबीनॅट किंवा ट्रूनॅट यंत्रावर तपासला, तर क्षय आहे की नाही यासोबत तो रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला दाद देतो का, हेही कळते.

इथे प्रतिकारशक्तीचा एक विचित्र परिणाम लक्षात घ्यावा. क्षयात फुप्फुसाला जी भोके पडतात ती बऱ्याच अंशी शरीराच्या स्वतःच्या जोरदार प्रतिकारामुळे पडतात. सीडी४ फार कमी असेल, तर प्रतिकारच क्षीण असतो, त्यामुळे भोके पडत नाहीत, बेडक्यात जंतू कमी येतात, एक्स-रे जवळपास स्वच्छ दिसतो आणि हातावर टोचून केलेली मॉन्टू चाचणीही उठत नाही. अशा माणसात क्षय गाठीत, पोटात, फुप्फुसाच्या आवरणातील पाण्यात किंवा मेंदूच्या आवरणात लपलेला असतो. म्हणून ‘थुंकी निगेटिव्ह आली’ एवढ्यावर समाधान मानू नये. वजन घटत असेल आणि ताप जात नसेल, तर सोनोग्राफी, गाठीची तपासणी आणि जिथे उपलब्ध असेल तिथे लघवीतून क्षय ओळखणारी लॅम चाचणी यांविषयी डॉक्टरांना विचारावे.

क्षय निघाला आणि एआरटी आधीपासून चालू असेल, तर ती चालूच ठेवायची असते. एआरटी सुरू व्हायची असेल, तर आधी क्षयाची औषधे सुरू करून दोन आठवड्यांच्या आत एआरटी सुरू केली जाते; मेंदूच्या आवरणाचा क्षय असेल तर मात्र चार ते आठ आठवडे थांबतात, कारण प्रतिकारशक्ती एकदम जागी झाली तर मेंदूला सूज येऊन जिवावर बेतू शकते.

आता जी गोष्ट येते ती मला या सगळ्यात सर्वांत कळकळीने सांगावीशी वाटते. आज बहुतेक प्रौढांना मिळणाऱ्या एआरटीच्या गोळीत टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर ही तीन औषधे असतात. रिफाम्पिसिनमुळे यकृत डोल्युटेग्रॅव्हिरचा निचरा फार वेगाने करू लागते आणि रक्तातील त्याची पातळी घसरते. त्यामुळे क्षयाचा उपचार चालू असेपर्यंत आणि तो संपल्यानंतरही दोन आठवडे, रोजच्या गोळीनंतर १२ तासांनी डोल्युटेग्रॅव्हिरची ५० मिलिग्रॅमची एक जादा गोळी घ्यावी लागते. ओळखपाळख असलेल्या दवाखान्यात एचआयव्हीची गोष्ट फुटेल या भीतीने माणसे ती लपवतात, तिथले डॉक्टर प्रामाणिकपणे क्षयाची औषधे लिहून देतात, आणि जादा गोळीचा विषयच निघत नाही. त्यामुळे एचआयव्ही पुन्हा बळावू शकतो. ज्यांची दुसऱ्या टप्प्यातील एआरटी रिटोनाव्हिरसह चालू आहे त्यांना तर रिफाम्पिसिनऐवजी रिफाब्युटिन द्यावे लागू शकते. म्हणून क्षयाची पहिली गोळी तोंडात टाकण्याआधी एआरटी सेंटरला कळवावे. सरकारी व्यवस्थेत निक्षय या क्षयरुग्णांच्या नोंदणी प्रणालीवर नोंद झाली की तपासणी आणि औषधे मोफत मिळतात, आणि नोव्हेंबर २०२४ पासून उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा १००० रुपये बँक खात्यात जमा होतात. बागेत किंवा वीटभट्टीवर राहणाऱ्यांनी खात्याचा तपशील नोंदणीच्या दिवशीच द्यावा.

रक्तवाढीच्या, कॅल्शियमच्या आणि आम्लपित्ताच्या गोळ्याही डोल्युटेग्रॅव्हिरला अडवतात. लोह किंवा कॅल्शियम त्याच्यासोबत घ्यायचे असेल तर जेवणाबरोबर घ्यावे. आम्लपित्ताच्या गोळ्या किंवा पातळ औषध घ्यायचे असेल तर डोल्युटेग्रॅव्हिर त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावे.

क्षय नसल्याची खात्री झाल्यावर प्रतिबंधक उपचार मिळतो. त्यात आयसोनियाझिड सहा महिने रोज घ्यावे लागते किंवा आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन आठवड्यातून एकदा असे बारा आठवडे. हातापायांना मुंग्या येऊ नयेत म्हणून सोबत बी६ जीवनसत्त्वाची गोळी दिली जाते. ती वायफळ समजून टाकू नये.

कावीळ आणि झाडपाल्याचे औषध

हिपॅटायटिस बी हा यकृताचा, कावीळ आणणारा विषाणूसंसर्ग निरोगी प्रौढाला झाला, तर दहापैकी नऊहून अधिक माणसे त्या विषाणूला स्वतःहून घालवतात. एचआयव्हीमुळे प्रतिकार कमजोर असेल तर हे प्रमाण घटते, विषाणू यकृतात ठाण मांडतो आणि यकृत कडक होण्याची क्रिया वेगाने होते. सुदैवाने टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन ही एआरटीमधीलच दोन औषधे हिपॅटायटिस बी लाही दाबून ठेवतात. याचा दुसरा अर्थ असा की, ज्याला दोन्ही विषाणू आहेत त्याने एआरटी एकाएकी बंद केली, तर दबलेला हिपॅटायटिस उसळून यकृत निकामी होऊ शकते.

आपल्याकडे कावीळ झाली की अमुक गावच्या माणसाकडे झाडपाल्याचे औषध घ्यायला नेण्याची पद्धत आहे, आणि तिथे पथ्यासोबत ‘बाकीच्या सगळ्या गोळ्या बंद करा’ असे हमखास सांगितले जाते. नेणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण या एका वाक्याने माणूस दगावू शकतो. डोळे पिवळे दिसताच एआरटी सेंटरलाच जावे. एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी ची चाचणी) आणि हिपॅटायटिस सी या दोन्ही चाचण्या झाल्या आहेत का ते पाहावे. राष्ट्रीय कार्यक्रमात दोन्हींवर मोफत उपचार आहेत, आणि हिपॅटायटिस सी तर बहुतेकांत बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. चाचणी निगेटिव्ह असेल तर हिपॅटायटिस बी ची लस घ्यावी. सीडी४ कमी असताना लसीचा परिणाम कमी होतो, म्हणून ती लागू पडली की नाही हे नंतर रक्तातून तपासून घेणे चांगले.

लैंगिक संसर्ग

उपदंशाची जखम दुखत नाही आणि आपोआप भरते, म्हणून ती कोणी दाखवत नाही. परंतु त्या काळात व्हायरल लोड वाढतो आणि सीडी४ घटतो, आणि पेनिसिलिनच्या उपचारानंतर दोन्ही बरेचसे पूर्वपदावर येतात. जननेंद्रियावरील हर्पिसच्या फोडांत सीडी४ पेशी गर्दी करतात, त्यामुळे ज्याला एचआयव्ही नाही अशा माणसाला हर्पिस असेल, तर एचआयव्ही लागण्याचा धोका सुमारे तिप्पट होतो. सरकारी रुग्णालयांतील सुरक्षा क्लिनिकमध्ये तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. जोडीदाराचाही उपचार व्हायला हवा. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणीही टाळू नये, कारण तो घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूला हटवणे त्यांच्या शरीराला जड जाते आणि या कर्करोगाचा त्यांना असलेला धोका इतर स्त्रियांच्या सुमारे सहा पट असतो.

ताप, जंत आणि एक अपवाद

मलेरियाच्या तापात व्हायरल लोड काही आठवडे वाढतो आणि उपचारानंतर उतरतो, हे आफ्रिकेतील अभ्यासांतून दिसले आहे. त्यामुळे पेठ, सुरगाणा, इगतपुरीच्या पावसाळी भागात ताप आला की रक्ताची तपासणी त्याच दिवशी करावी. जंतांमुळे प्रतिकारयंत्रणा वेगळ्याच दिशेला वळते. जंतांच्या औषधाने एचआयव्ही मंदावतो का याचे निष्कर्ष संमिश्र आहेत, तरी अशक्तपणा कमी होतो म्हणून ते घेण्यात फायदाच आहे.

प्रत्येक संसर्ग एचआयव्हीला मदतच करतो असे मात्र नाही. गोवर आणि स्क्रब टायफस यांच्या तीव्र अवस्थेत काही रुग्णांचा व्हायरल लोड तात्पुरता घटलेला आढळला, आणि जीबी विषाणू सी हा निरुपद्रवी विषाणू अंगात असलेले लोक एआरटीपूर्व काळात अधिक जगल्याचे काही अभ्यासांत दिसले. यातून उपचार निघालेला नाही. पण प्रतिकारयंत्रणेची ही गुंतागुंत पाहिली की एका आकड्यावरून निष्कर्ष काढण्याची घाई का करू नये, ते पटते.

औषध सुरू केल्यावर प्रकृती बिघडली तर

एआरटी सुरू केल्यावर पहिल्या तीन महिन्यांत कधी कधी ताप परत येतो, गाठी फुगतात, खोकला वाढतो. ‘गोळ्या सोसल्या नाहीत’ असा समज करून घेतला जातो. प्रत्यक्षात शुद्धीवर आलेली प्रतिकारयंत्रणा शरीरात आधीपासून असलेल्या जंतूवर तुटून पडत असते आणि त्या लढाईतून सूज येते. सीडी४ फार कमी असताना उपचार सुरू झालेल्यांत हे जास्त होते. डॉक्टर तपासून सूज उतरवण्याची औषधे, गरज पडल्यास स्टिरॉइड देतात. एआरटी बहुतेक वेळा चालूच राहते. मात्र ताप आला म्हणून जवळच्या दवाखान्यात ‘एक सुई आणि सलाईन’ घेण्याची सवय इथे घातक ठरू शकते, कारण त्या सुईत प्रतिकारशक्ती दाबणारे स्टिरॉइड असले तर ताप उतरतो, बरे वाटते आणि आतला क्षय मात्र वाढत राहतो.

वाट न पाहता दवाखाना कधी गाठावा

श्वासाचा वेग मिनिटाला तीसच्या वर गेला, ताप ३९ अंश सेल्सिअसच्या वर राहिला, आधाराशिवाय चालता येईना, डोकेदुखीसोबत मान आखडली किंवा उलट्या झाल्या, बोलण्यात असंबद्धपणा आला, झटका आला, किंवा डोळे पिवळे झाले, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. नाशिक शहरात त्र्यंबक नाक्याजवळचे जिल्हा रुग्णालय, म्हणजे आपण ज्याला सिव्हिल म्हणतो ते, आणि तालुक्याच्या ठिकाणी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठावे. रात्री १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी.

जाताना उपचार पुस्तिका, चालू गोळ्यांच्या बाटल्या, मागचे सीडी४ आणि व्हायरल लोडचे कागद, आणि गेल्या दोन महिन्यांत घेतलेल्या प्रत्येक औषधाचे वेष्टन सोबत घ्यावे. मेडिकलमधून आणलेल्या आणि झाडपाल्याच्या औषधांसह. एचआयव्हीची माहिती तपासणाऱ्या डॉक्टरांना सांगावी, आणि ती इतर नातेवाइकांसमोर उच्चारू नये अशी स्पष्ट विनंती करावी. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेल्या एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायद्यानुसार संमतीशिवाय ही माहिती उघड करण्यास आणि एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारण्यास मनाई आहे. कोठे अडवणूक झाली किंवा जवळचे एआरटी सेंटर माहीत नसले, तर १०९७ या मोफत क्रमांकावर मराठीतही विचारता येते. कामासाठी दुसऱ्या तालुक्यात जायचे असेल, तर निघण्याआधीच आपल्या सेंटरमधून मुक्कामाच्या जवळच्या सेंटरच्या नावे पत्र घ्यावे, म्हणजे छाटणी किंवा काढणीच्या दिवसांत गोळ्या संपल्या तरी परत गावी जाण्याची वेळ येत नाही.